तीन मात्रा गप्प

जालना
१४ ऑक्टोबर २०२४

आबा,

नमस्कार सगळा आईला. तुम्हाला नुसतं पत्र. रागावलेल्या माणसाच्या पाया पडायला गेलं की तो पाय मागं घेतो, हे आपल्या घरात मी लई वेळा बघितलंय.

फोनवर माझा आवाज ऐकला की तुम्ही फोन आईच्या हातात देता. म्हणून आता आवाज नको, कागद. कागद तुम्हाला वाचता येत न्हाई, म्हंजे मनीषा वाचून दाखवणार. आन् तुमच्या भावाची पोरगी वाचायला बसली की तुम्ही मधूनच उठून जाणार न्हाई, तिचा मान ठेवता. बघा, किती डोकं लावून राह्यले तुमच्यासाठी.

(मने, कंसात जे असंल ते मनात वाचायचं. तुझ्यापुरतं हाय. मधेच हसू नकोस, आईला लगेच कळतं.)

परवा दसऱ्याला बिरोबाच्या देवळापुढं तुम्ही ओव्या म्हणायला उभे राह्यले आन् तुमच्या उजव्या बाजूला मी नव्हते. तातेरावकाकांनी झील धरली आन् दुसऱ्याच ओवीला त्यांना ठसका लागला, हे आईनं सांगितलं. तुम्ही दम घ्यायला थांबले, मागून कुणीच उचललं न्हाई, आन् पोरं हसली म्हणं.

आबा, मला काय ते कळत न्हाई का? आठ वर्षं झाली, माझं काम तेवढंच हाय. तुमची ओळ संपायच्या आत तिचा शेवट पकडायचा, ताणून धरायचा, तेवढ्यात तुम्ही दम घेऊन पुढची ओळ आणायची. ‘ओवी भुईला टेकली न्हाई पाहिजे,’ हे तुम्ही मला जेवताना सांगितलंय, मेंढरांमागं सांगितलंय, ताप असताना पण सांगितलंय. दादा पुण्याला कंपनीत गेला तवा तुम्ही मला बाजूला उभं केलं. म्हाताऱ्यांनी तोंडं वाकडी केली, पोरीला झील धरायला लावतो म्हणून. तुम्ही म्हणले, आवाजाला काय मिशा असतात का? ते मी विसरले न्हाई.

पण शनिवारी दसरा आन् रविवारी विद्यापीठाचा स्थापना दिवस. चॅपलमधे आमच्या क्वायरचं गाणं, म्हणून शनिवारी दिवसभर सराव. मला इथली जागा गाण्याच्या शिष्यवृत्तीवर मिळालीय. फी माफ, होस्टेल माफ, आन् त्याच्या बदल्यात हप्त्याला दोन सराव आन् रविवारची प्रार्थना. तीन गैरहजेऱ्या लागल्या की जागा गेली. माझ्या दोन लागलेल्या होत्या. एक आई तापली आन् मी मिरची तोडायला आल्ते तवाची, दुसरी भोकरदनला बसच आली न्हाई तवाची. तिसरी दसऱ्याची लागली असती.

मी विचारलं होतं. बेबीनंदा मॅडम क्वायर बसवतात, त्यांच्याकडं दोनदा गेले. त्या म्हणल्या, “तृप्ती, दसरा दरवर्षी येतो.” मी म्हणले, “मॅडम, नाताळ पण दरवर्षीच येतो.” त्यानंतर दिवसभर त्यांनी माझ्याकडं बघितलं न्हाई. तुम्ही आन् त्या सारखेच.

गावात कुणी म्हणलं असंल की राधाकिसनची पोरगी चर्चात जाऊन बिघडली, तर त्याला सांगा, ती गाते आन् मेसमधे जाऊन खिचडी खाते, बाकी काही होत न्हाई. तुम्हाला देवाचा राग न्हाई हे मला माहितीय. मी आले न्हाई ह्याचा राग हाय. मंग तसं तोंडानं म्हणा तरी.

तृप्ती


१७ नोव्हेंबर २०२४

आबा,

महिना झाला. मनी म्हणती, तुम्ही पत्र पूर्ण ऐकलं, ‘मिशा’वर थोडं हसले, मंग मेंढरं बघायला गेले. उत्तर काय न्हाई. बरं.

मंग मी माझंच सांगते. मला इथं काय शिकवून राह्यलेत ऐका. मला ऐकू न येणारं गायला शिकवून राह्यलेत! खरंच. आम्ही बावीसजण उभे राहतो. वरचा आवाज, खालचा आवाज, पोरांचे दोन. मी खालच्या आवाजात. मॅडम पियानोवरून उठतात, आमच्यापुढनं कान देत चालतात आन् माझ्यापुढं येऊन थांबतात. “तृप्ती, तू एकटी ऐकू येतेस. मिसळ.” मी मिसळते. “अजून ऐकू येतेस.” आता काय करू, गिळू का आवाज? तुम्ही मला नदीच्या पलीकडं उभं करून ओरडायचे, ऐकू येऊन न्हाई राह्यलं, मोठ्यानं! आन् इथं शेजारच्या पोरीलासुद्धा मी ऐकू आले की चूक.

बरं, तेही जमवलं. पण नाताळसाठी एक गाणं बसवून राह्यलोत, त्यात माझं मरण हाय. आकांक्षा म्हणून एक पोरगी हाय, माझ्याच खोलीत राहती, तिला एकटीला एक ओळ म्हणायची हाय. ती ओळ संपली की सगळ्यांनी तीन मात्रा गप्प. पूर्ण गप्प. मंग सगळे एकदम. कागदावर त्या जागी थांबायची खूण हाय, मी मस्तगडच्या दुकानात जाऊन मोठी झेरॉक्स काढली, त्यावर लाल पेनानं गोल केला, शेजारी ‘गप्प’ लिहिलं. तरी आकांक्षाची ओळ संपत आली की माझं तोंड उघडतंय. दर वेळी. तिचा श्वास संपताना मला ऐकू येतो आन् मी तिचा शेवट पकडते. पोरी हसतात. आकांक्षा म्हणती, “अगं, मला कुणी नको पकडायला, मी पडून न्हाई राह्यले.”

मॅडमनी परवा पेन्सिल फेकली. माझ्यावर न्हाई, पियानोवर. “ह्या तीन मात्रांसाठी मी हे गाणं निवडलंय,” म्हणल्या.

(मने, मनात. मला ताकिदीचं पत्र दिलंय. नाताळच्या प्रार्थनेत पुन्हा असं झालं तर माझी जागा कमिटीपुढं जाणार. जागा गेली तर होस्टेल गेलं, होस्टेल गेलं तर मी परत गावाला, धावड्याला, आन् मंग माझ्या मामाला लग्नासाठी तो सिल्लोडचा मुलगा परत आठवंल. आईला कळू देऊ नको.)

आईला सांगा, माझं सगळं बराबर चाललंय.

तृप्ती


२६ डिसेंबर २०२४

आबा,

हे पत्र मनीनं दार लावून वाचावं न्हाईतर वाचू नये, मला काही फरक पडत न्हाई.

परवा संध्याकाळी चॅपल भरलेलं होतं. कुलगुरू, पाहुणे, जालन्यातली सगळी मंडळी. लोक भिंतीला लागून उभे. आम्ही पांढऱ्या साड्या नेसलेल्या. माझं सगळं बिलकुल बराबर चाललं होतं, मी मिसळून राह्यले होते, मॅडम माझ्याकडं बघून एकदा हसल्या पण. मंग आकांक्षाची ओळ आली. मॅडमनी मूठ बंद केली, म्हंजे गप्प. आन् मी पकडली, आबा. पूर्ण आवाजात. देवळापुढं पकडते तशी, वर घेऊन, हेल काढून, तीनच्या तीन मात्रा. चॅपलला वर मोठी कमान हाय, तिथं आवाज फिरतो, बंद केला तरी ऐकू येत राहतो. एवढे लोक माना वळवून बघायलेत आन् माझाच आवाज माझ्या डोक्यावरून फिरून राह्यलाय. पोरांच्या रांगेतला एकजण गायचंच विसरला.

गाणं संपल्यावर मॅडमनी कागद गोळा केले आन् गेल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

हे तुमच्यामुळं झालं.

मी हे लिहिणार नव्हते, पण लिहून राह्यले. तुम्ही मला असं शिकवलं की आता ते माझ्या हातात राह्यलं न्हाई. कुणी दम सोडला की माझं तोंड उघडतं. तुम्ही शिकवलं ते इथं चूक, इथं उभी राह्यले ते तुमच्या लेखी चूक. मी नेमकं कुठं उभं राहायचं, सांगा ना! एका दसऱ्याला आले न्हाई तर तुम्ही तोंड फिरवून बसले. आठ वर्षं आले ते कुठं गेलं? पावसात आले, दहावीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी आले, पाळीत पोटात दुखत असताना देवळाच्या बाहेर लांब उभी राहून झील दिली, ते कुठं गेलं?

मनी म्हणती तुम्ही आता ओव्या म्हणतच न्हाई. तातेरावकाका बोलवायला आले तरी जात न्हाई. मंग तोही दोष माझाच का?

कमिटी आठ तारखेला हाय. आता आईपासून लपवून काही उपयोग न्हाई. मनी, वाच मोठ्यानं.

तृप्ती


१९ जानेवारी २०२५

आबा,

जागा अजून हाय. अर्धी हाय असं म्हणा.

कमिटीत चौघं होते. एक सर म्हणले, मुलीचा आवाज चांगला आहे, पण शिस्त नाही. मी म्हणणारच होते की शिस्तच जास्त झालीय सर, पण मॅडमनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. मंग त्याच म्हणल्या, “दोन फेब्रुवारीच्या रविवारी हेच गाणं परत घेऊ. थांबली तर राहील, नाही थांबली तर मी स्वतः तिचं नाव काढीन.” मला वाटलं होतं त्या माझ्या विरुद्ध हाईत. हाईतही बहुतेक, पण बाकीच्यांपेक्षा कमी.

आता रोज दुपारी जेवण झाल्यावर त्या मला एकटीला चॅपलमधे बोलावतात. त्या आकांक्षाची ओळ म्हणतात, मी थांबायचं. पहिल्या दिवशी चाळीसदा केलं, चाळीसदा चुकले. त्यांचं वय साठीकडं झुकलेलं, त्यांचा दम लवकर संपतो, मला अजूनच राहवत न्हाई. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, “हे तुला कुणी लावलं?” मी सगळं सांगितलं. बिरोबा, ओव्या, दादा पुण्याला गेला ते, मिशा, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आन् म्हणल्या, “मला तुझं ते मोडायचं नाही. मला फक्त तीन मात्रा पाहिजेत.”

मंग त्यांनी युक्ती सांगितली. चपलेत पायाचा अंगठा तीनदा दाबायचा. एक, दोन, तीन. तिसरा दाबून झाल्याशिवाय तोंड उघडायचं न्हाई. सगळं लक्ष अंगठ्यात. आकांक्षा मेली तरी अंगठ्यात! असं त्या म्हणल्या न्हाईत, मी म्हणते.

आता दहातून सातदा जमायलंय. मेसच्या रांगेत दाबते, बसमधे दाबते, वर्गात सर बोलता बोलता थांबले तरी अंगठा आपोआप दाबला जातो. परवा आकांक्षा झोपेत घोरायची थांबली तर मी मोजलं.

मागच्या पत्रात जे लिहिलं त्याचं मला वाईट वाटून राह्यलंय. सगळ्याचं न्हाई. अर्ध्याचं.

तृप्ती


३ फेब्रुवारी २०२५

आबा! आई! मने!

जमलं! काल आकांक्षाची ओळ संपली आन् मी गप्प राह्यले. तीनच्या तीन मात्रा. चॅपलमधे कुणी खोकलंसुद्धा न्हाई. मला पहिल्यांदा कळलं की मॅडम त्या जागेसाठी एवढ्या का भांडत होत्या. काही म्हंजे काही ऐकू येत न्हाई आन् सगळे लोक पुढं सरकून बसतात. मंग आम्ही बावीसजण एकदम सुटलो.

बाहेर आल्यावर मॅडमनी माझी वेणी ओढली आन् म्हणल्या, “राहिलीस बाई.” माझं नाव तिसऱ्या वर्षापर्यंत पक्कं झालं. कागद मिळालाय, सही शिक्का सगळं.

आन् ऐका. बारा तारखेला माघी पौर्णिमा, आपल्या बिरोबाची जत्रा. मी मॅडमला रजा मागितली, त्यांनी लगेच लिहून दिली. गैरहजेरी लागणार न्हाई. मी येऊन राह्यले. तुम्ही बोलले तर चांगलं, न्हाई बोलले तरी मी उजव्या बाजूला येऊन उभी राहणार. देवळापुढं सगळ्यांसमोर मला हाकलता का बघते.

तातेरावकाकांना सांगा, ढोल ताणून ठेवा.

तृप्ती


१५ फेब्रुवारी २०२५

आबा,

काल दिवसभर कागद पुढं घेऊन बसले, काही लिहिता आलं न्हाई. आज लिहिते.

मी आले तवा तुम्ही ओट्यावर बसलेले होते. माझी पिशवी आईनं घेतली, तुम्ही बघितलं फक्त. मला वाटलं, चालंल. मंग देवळापुढं तुम्ही उभे राह्यले, घोंगडी नीट केली, आन् उजव्या बाजूला जागा ठेवली. कुणालाही तिथं येऊ दिलं न्हाई, बद्रीनाथ मामा आले तर त्यांना हातानं पलीकडं सरकवलं. ती जागा बघून मला रडू आलं होतं. ते तुम्हाला दिसू नये म्हणून मी खाली बघत येऊन उभी राह्यले.

तुम्ही कानावर हात ठेवला. चार महिन्यांनी तुमचा आवाज ऐकला, आबा. खरखरीत झाला होता, पण वर गेला तसाच. पहिली ओळ आली. लांब आली. तुमचा दम संपत आलाय हे मला तुमच्या खांद्यावरून कळलं, आधी कळायचं तसंच. ओळ संपली. तुम्ही थांबले.

आन् मी अंगठा दाबला.

मी मुद्दाम केलं न्हाई. आईची शप्पथ. पाय अनवाणी होते, अंगठा मातीत दाबला गेला, एक. तातेरावकाकांचा ढोल एकटाच वाजून राह्यला होता. दोन. तुम्ही माझ्याकडं बघितलं. हात कानावरच, तोंड उघडं, आत श्वास न्हाई. तीन. तेवढ्यात तुम्ही स्वतःच शेवट उचलला, आत काहीच उरलं नसताना, आन् तो मधेच फाटला. मंग तुम्ही खोकले. पाठीवर हात ठेवायला मी पुढं झाले तर तुम्ही ढोलाला हात केला, चालू द्या म्हणून.

पुढच्या ओव्यांना मी झील दिली. पहिल्यासारखी दिली. लोकांना काही कळलं न्हाई, त्यांना वाटलं तुम्हालाच ठसका लागला. बद्रीनाथ मामा तर म्हणले, पोरगी शहरात जाऊन आवाज विसरली न्हाई. पण ती पहिली ओवी भुईला टेकली. तुम्हाला माहितीय आन् मला माहितीय.

सकाळी निघताना तुम्ही जीपपर्यंत आले. पिशवी वर टाकली. मंग चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

“जमलं म्हण की तुझं तिकडं.”

एवढंच. रागानं म्हणले असते तर मी भांडले असते. हसून म्हणले असते तर मी तुमच्या गळ्यात पडले असते. तुम्ही नुसतं म्हणले, आन् जीप सुटली. भोकरदनपर्यंत मी तुमचं तोंड आठवून राह्यले, पण त्यात काय होतं ते मला अजून सापडलं न्हाई.

मी जीपमधून उत्तर दिलं न्हाई. आता देते.

व्हय आबा, जमलं. हे मला जमलं पाहिजे होतं, त्याच्याशिवाय मी इथं राह्यले नसते, आन् मला इथं राहायचंय. पण ते तुमच्या शेजारी उभं असताना जमलं. तुम्ही दम घ्यायला थांबले आन् मी मोजत होते.

तुमची
तृप्ती